कुत्रीच्या कुशीत मांजराची पिल्लं: पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या गाभण मांजरी कोरडी जागा शोधत घरात शिरतात. मांगराचा, म्हणजे गवत-गुरांच्या खोपीचा, माळा, लाकडांच्या रचलेल्या ढिगामागची फट, रिकामी कणगी, जुना पेटारा, काहीही चालतं त्यांना. आमच्याकडे एका वर्षी माळ्यावरच्या गवतात तीन पिल्लं झाली आणि सहाव्या दिवशी त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली सापडली. पडवीत आमची कुत्री चंपी आपल्या दोन पिल्लांना घेऊन पडली होती, दहा दिवसांची बाळंतीण. मला वाटलं, हिला दूध आहे, त्यांना दूध हवंय, झालं. मी तिन्ही पिल्लं उचलून सरळ तिच्यापुढे ठेवली. चंपी गुरगुरली, तिने नाकाने ढकललं आणि एक पिल्लू पडवीच्या पायरीवरून खाली चिखलात गेलं.

तीच पिल्लं पुढे तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाशी लागली आणि तिने ती वाढवली. मधल्या दोन दिवसांत जे करायला हवं होतं ते शेजारच्या काकींनी दाखवलं, आणि त्यानंतर आणखी दोनदा अशी वेळ आली तेव्हा मी ते पहिल्यापासून नीट केलं. कुत्रा-मांजराचं वैर आपण बोलण्यात एवढं घट्ट धरून ठेवलंय की कुत्रीने मांजराचं पिल्लू चाटलं की लोकांना चमत्कार वाटतो. बाळंतिणीच्या अंगात त्या दिवसांत जे चाललेलं असतं ते समजून घेतलं तर आपल्याला नेमकं काय करायचं तेही कळतं.

आधी खात्री करा, आई खरंच गेली आहे का

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो ते खरंच आहे. ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते, आणि मधल्या वेळात उरलेली एकटी दिसतात. शिकारीला गेलेली मांजर काही तास परतत नाही. पिल्लं एकमेकांवर रचून गप्प झोपलेली, पोटं गोल, अंग गरम, असं असेल तर आई आहे. हात लावू नका. लांबून, ती तुम्हाला पाहणार नाही अशा जागेवरून लक्ष ठेवा. पाणी गळत असेल तर पिल्लं आहेत तिथूनच हातभर अंतरावर कोरड्यात सरकवा, दुसऱ्या खोलीत नेऊ नका.

पिल्लं थंड, पोटं आत गेलेली, आणि आवाज बारीक होत चाललेला, तर थांबण्यात अर्थ नाही.

ऊब आधी, दूध नंतर

काकींचं पहिलं वाक्य हेच होतं: "आदी ऊब दी गो, मगे दूद." मी वाटीत दूध घेऊन उभी होते. थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पोटात गेलेलं दूध तसंच साचून नासतं, किंवा उलट वर येऊन फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं अंगच मुळी ३५ ते ३६ अंश सेल्सिअस असतं आणि त्याला स्वतःला ऊब तयार करता येत नाही, थंडीने कुडकुडतासुद्धा येत नाही. त्याच्याभोवतीची हवा पहिला आठवडा ३० ते ३२ अंश हवी. कोकणात पावसाळ्यात उकाडा असतो म्हणून आपण फसतो. ओलं अंग, दमट जमीन आणि वारा या तिघांत पिल्लू उकाड्यातही थंड पडतं.

पुसून कोरडं करा, छातीशी, अंगावरच्या कपड्याच्या आत धरा. प्लास्टिकच्या बाटलीत सोसेल इतकं गरम पाणी भरून ती जुन्या लुगड्याच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. वीज जाणार हे धरून चाला, बल्बवर विसंबू नका. चुलीजवळ ठेवायचा मोह होतो, पण धूर त्यांना सोसत नाही. तोंडात बोट घातल्यावर आतून गरम लागलं आणि पिल्लू चोखायला लागलं की मग दुधाचा विचार.

कोणती आई चालेल

व्यायल्यानंतर कुत्रीच्या किंवा मांजरीच्या रक्तात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरकं वाढलेली असतात. एक दूध तयार करतं, दुसरं ते उतरवतं, आणि दोन्ही मिळून तिला चाटायला, कुशीत घ्यायला, राखण करायला लावतात. पिल्लू चोखायला लागलं की दोन्ही आणखी वाढतात. म्हणून पहिलं चोखणं घडवून आणणं हीच आपली खरी खटपट. एकदा ते नीट झालं की पुढचं बरंचसं तिचं अंगच करतं.

सगळ्यात उत्तम म्हणजे जवळपास त्याच वयाची पिल्लं असलेली, माणसाळलेली, पोटभर खाल्लेली बाळंतीण. तिची स्वतःची पिल्लं दोन-तीनच असतील तर फारच बरं.

दुसरा प्रकार लोकांना ठाऊक नसतो. न गाभण राहिलेली कुत्रीसुद्धा माजानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी पान्हावते. कोपरा उकरते, चप्पल नाहीतर पोराचं खेळणं पोटाशी घेऊन बसते, आचळं भरतात, दूधही येतं. याला खोटी गाभण म्हणतात. तो आजार नाही, कुत्रीच्या अंगाची ती रीतच आहे, आणि अशी कुत्री पोरक्या पिल्लांना आपणहून ओढून घेते. दूध मात्र कमी असतं, म्हणून वरून पाजावंच लागतं.

जी कुत्री मांजरांच्या मागे धावून त्यांना धरते, जिने कोंबडी मारली आहे, जी आजारी आहे किंवा व्यायल्यावर घरच्यांनाही जवळ येऊ देत नाही, तिच्यावर प्रयोग करू नका. पिल्लं बाटलीवर वाढतात. त्रास होतो, पण वाढतात.

आणखी एक गोष्ट, जी न पाहिल्याने पिल्लं मरतात: कुत्रीला गोचीड-पिसवांचं औषध लावलंय का? कुत्र्यांसाठीच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. पिल्लाला झटके येतात. अलीकडे असं औषध लावलं असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय पिल्लं तिच्याजवळ देऊ नका. जागा पुसायला फिनेलही नको, तेही मांजराला बाधतं. साधा साबण आणि गरम पाणी पुरे.

ओळख करून देणं

इथे घाई केली की सगळं बिघडतं, म्हणून हे सावकाश वाचा.

बाळंतिणीचं जग वासाचं असतं. मांजराचं पिल्लू कसं दिसतं याचं तिला फारसं काही नाही, ते कसला वास मारतं हा प्रश्न आहे. आणि मी नेलेल्या पिल्लांना मांगरातल्या गवताचा, मेलेल्या आईचा आणि माझ्या हातावरच्या लसणीचा वास होता.

काकींनी काय केलं, तर चंपीच्या बिछान्यातलं गोणपाट काढून मांजराच्या पिल्लांच्या खोक्यात घातलं आणि त्यांच्या खालचं फडकं चंपीकडे टाकलं. चंपीने ते हुंगलं, थोडं चाटलं, त्यावर डोकं ठेवून झोपली. दुसऱ्या दिवशी चंपी बाहेर गेलेली असताना तिची दोन पिल्लं आणि ही तीन एकाच हाऱ्यात अर्धा तास एकत्र ठेवली. पाचही एकमेकांत मिसळून झोपली. तिच्या पिल्लांना पुसलेल्या ओल्या कापडानेच मांजराची पिल्लं पुसली, मागचा भाग विशेष करून, कारण आई तिथेच हुंगते. शेवटी चंपीच्या आचळातलं थोडं दूध बोटावर घेऊन त्यांच्या डोक्याला आणि पाठीला लावलं. मधल्या दोन दिवसांत पिल्लं अर्थात आमच्या हातून दूध पीत होती.

प्रत्यक्ष भेटीची वेळ रात्रीची निवडा, घर निजलेलं असताना. कुत्रीला आधी पोटभर खाऊ घाला, बाहेर फिरवून आणा. तिच्या ओळखीचं एकच माणूस जवळ बसेल, बाकी कोणी नको. शेजारपाजारची मुलं मोबाईल घेऊन भोवती उभी राहिली तर जी कुत्री एरवी घेतली असती तीही घेणार नाही. ती आडवी पडून आपल्या पिल्लांना पाजत असताना मांजराचं एकच पिल्लू मागच्या आचळांपाशी लावा. मागच्या आचळांना दूध जास्त असतं आणि ती तिच्या तोंडापासून लांबही असतात. एक हात तिच्या मानेवर असू दे, थोपटत राहा, बोलत राहा.

मग तिला करू दे काय ते. ती मान वळवून हुंगेल. चाटायला लागली आणि चाटत चाटत पिल्लाच्या शेपटीखाली पोचली, तर समजा जमलं. तान्ह्या पिल्लांना आपणहून शू-शी करता येत नाही, आईच्या जिभेने ती होते. ते काम तिने अंगावर घेतलं म्हणजे पिल्लू तिचं झालं. अंग ताठ झालं, डोळे पिल्लावर खिळले, ओठ वर गेला किंवा ती नाकाने जोरात ढकलायला लागली, तर शांतपणे पिल्लू उचला आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. ओरडू नका. तुम्ही ओरडलात की तिच्या डोक्यात त्या वासाशी भीती जोडली जाते.

पहिल्या दोन रात्री त्यांना एकत्र सोडून झोपू नका. तिचा हेतू चांगला असला तरी कुत्री अंगाने जड असते आणि शंभर-दीडशे ग्रॅमचं पिल्लू तिच्या अंगाखाली चिरडू शकतं. पाजून झालं की खोक्यात, पुन्हा वेळ झाली की तिच्याजवळ. तीन-चार वेळा नीट प्रयत्न करूनही ती घेत नसेल तर सोडून द्या. नकार देणं हा तिचा हक्क आहे, आणि दाबून बसवलेल्या कुत्रीजवळ पिल्लू कधीच सुरक्षित नसतं.

दूध पुरतंय का, हे काटा सांगेल

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. पिल्लू आचळाला लागलेलं दिसतं आणि तरी उपाशी असतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वर वाटी ठेवा, रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लाचं वजन करून वहीत लिहा. मांजराचं पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही तर वरून पाजायला लागा. वजन उतरलं तर त्याच दिवशी पशुवैद्य.

कुत्रीच्या दुधावर मांजराचं पिल्लू जगतं, कारण ते दूध गाईच्या दुधापेक्षा खूप दाट असतं. गाईच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुप्पट किंवा जास्तच, स्निग्धांशही तसाच. म्हणून वरून पाजायला गाईचं पातळ दूध नको, त्यातल्या साखरेने जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांची दूधपावडर मिळते, ती रत्नागिरी-सावंतवाडीकडून येणाऱ्या कुणाकडून तरी आणून ठेवा.

एक कमतरता मात्र लक्षात घ्या. टॉरीन नावाचं द्रव्य कुत्रा आपल्या अंगात तयार करतो, मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं. हृदयाचा संबंध अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिला. त्यामुळे कुत्री कितीही मायेने पाजत असली तरी दिवसातून एक-दोन वेळा मांजराची दूधपावडर द्याच, आणि चौथ्या आठवड्यापासून मऊ उकडलेली, काटे काढलेली मासळी किंवा कोंबडीचं मांस सुरू करा. कुत्र्याचं तयार खाणं मांजराला पुरत नाही. खारवलेली सुकट नको, मीठ फार असतं. पेज-भातावर कुत्र्याचं पिल्लू एकवेळ निभावेल, मांजराचं नाही.

पाजताना पिल्लू पालथं, पोटावर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनळीत जातं. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

कुत्रीची स्वतःची पिल्लं आडदांड असतात, मांजराच्या पिल्लांना ढकलून देतात. त्यांना पंधरा मिनिटं बाजूला ठेवा आणि मांजराच्या पिल्लांना आधी पिऊ द्या. आणि त्यांची नखं बघा. पिताना ती पंजांनी आचळ मळतात, आणि कुत्रीच्या पोटाची कातडी पातळ असते. ओरखडे पडले की ती उठून जायला लागते. नखांची फक्त टोकं, पुढची पांढरी, नेलकटरने काढा.

आईकडेही बघा

पिल्लांचं कौतुक करताना तिला विसरतात. दोन घरची पिल्लं पाजणारीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, दिवसातून तीन-चारदा, आणि पाणी सतत भरलेलं. रोज आचळं चाचपा. एखादं गरम, कडक, लाल झालं तर तिथून पाजणं बंद आणि डॉक्टर. ती थरथरायला लागली, पाय ताठ टाकत चालू लागली, धापा टाकू लागली तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय, काही तासांत जीव जाऊ शकतो. पिल्लं काढून घ्या आणि रात्र असली तरी पशुवैद्याला उठवा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि जवळच्या खाजगी डॉक्टरांचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांकही त्यात असू दे.

जंतांचं औषध पिल्लांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे. पिसवा दोघांवर एकाच जातीच्या असतात आणि पावसाळ्यात इतक्या वाढतात की लहान मांजराच्या पिल्लाचं रक्त संपतं. तान्ह्यांवर औषध न मारता बारीक दातांच्या फणीने काढा आणि गोणपाट रोज बदला. पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या विषाणूच्या हल्लीच्या जाती कुत्र्याकडून मांजरालाही लागू शकतात, म्हणून कुत्रीला जुलाब-उलट्या असतील तर पिल्लं वेगळी. रेबीजची लस दोन्ही पिल्लांना तीन महिन्यांची झाली की. या गडबडीत तुम्हालाच कोणी चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आपलीच कुत्री आहे म्हणून थांबू नका.

उलटं असेल तर: मांजर आई, कुत्र्याची पिल्लं

हे स्वीकारण्याच्या बाबतीत सोपं जातं. एका वाड्यातल्या मांजरी एकमेकींची पिल्लं पाजतात, आपलं-परकं फार करत नाहीत. वास जुळवला की बहुतेक बाळंतीण मांजर कुत्र्याचं आंधळं पिल्लूही घेते. अडचण आकाराची आहे. गावठी कुत्र्याचं पिल्लू तीन आठवड्यांत किलोच्या पुढे जातं आणि मांजर स्वतःच तीन किलोची. एक, फार तर दोन पिल्लं द्या, वरून कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर द्या, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मऊ खाण्यावर आणून मांजरीला मोकळं करा. तिला पिल्लांपासून सुटका म्हणून उंचावर एक फळी हवीच. अशी मांजर बाहेरच्या मोठ्या कुत्र्यावर झडप घालायला मागेपुढे पाहत नाही, म्हणून वाड्यातल्या इतर कुत्र्यांना आत येऊ देऊ नका. बोक्यालाही नाही. बोका परकी पिल्लं मारतो.

डोळे उघडल्यानंतरचे आठवडे

मांजराच्या पिल्लाचे डोळे साधारण सात ते दहा दिवसांत उघडतात, कुत्र्याच्या पिल्लाचे दहा ते चौदा. जग कसं आहे, आपलं कोण, हे मांजराचं पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकतं. कुत्र्याचं तिसऱ्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मांजराची पिल्लं उंदरांबरोबर वाढवून पाहिली: अशा १८ पिल्लांपैकी फक्त ३ पुढे उंदीर मारणारी निघाली. मग कुत्रीच्या पोटाशी वाढलेल्या पिल्लाला कुत्रा म्हणजे आपलं माणूस वाटावं यात नवल नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. आमच्या तिघांतलं एक, पांढऱ्या पायांचं, चार महिन्यांचं झाल्यावर पाखाडीच्या पायऱ्या उतरून खालच्या वाडीत गेलं आणि तिथल्या अनोळखी कुत्र्यांसमोर शेपूट वर करून उभं राहिलं. चंपीपुढे राहायचं तसंच. आम्ही धावेपर्यंत उशीर झाला होता. ते मला अजून सलतं.

म्हणून अशा पिल्लांना एकट्या कुत्रीच्या भरवशावर वाढवू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून एखाद्या मोठ्या, शांत मांजरीच्या सहवासात रोज ठेवा. झाडावर, कौलांवर चढायला वाव द्या. ते शिकवायला कुत्री नसते. मातीचं घमेलं ठेवा, शी पुरण्याची जाण त्यांना उपजत असते. भावंडांशी खेळताना कुत्र्याची पिल्लं तोंडाने धरतात आणि मांजराची पंजाने मारतात, त्यात कुणी कळवळलं तरच मध्ये पडा. संध्याकाळी सगळ्यांना घरात घ्या. ज्या गावात बिबट्या येतो तिथे पडवीत बांधलेली कुत्री सगळ्यात आधी जाते, आणि पिल्लं तिच्याच अंगावर झोपलेली असतात.

सहा-आठ आठवड्यांनी दूध आटतं. तेव्हा काही कुत्र्या पिल्लांवर गुरगुरतात, उठून जातात. माया संपली असं वाटून माणसं हळहळतात. ती स्वतःच्या पोटच्या पिल्लांनाही तेव्हा अशीच तोडते. काही नाती त्यानंतर टिकतात, काही नाही. दूध पूर्ण आटल्यावर कुत्रीची, आणि चार-सहा महिन्यांची झाल्यावर मांजरांची नसबंदी करून घ्या.

पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं ठरलं तर दोन महिन्यांच्या आधी देऊ नका, आणि शक्यतो एकटं देऊ नका. नेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे कुत्र्यांना भीत नाही, दारं-खिडक्या बघून ठेवा. आणि सोबत त्या आईच्या बिछान्यातला गोणपाटाचा हातभर तुकडा द्या, न धुतलेला. पहिल्या रात्री पिल्लू रडायला लागलं की तोच त्याच्या अंगाखाली घालायचा.